‘पडणाऱ्या’ दातांचा प्रश्न

‘दुधाचाच दात आहे, पडणारच आहे, त्याला कशाला औषध?’ हे वाक्य महाराष्ट्रातील कोणत्याही वस्तीत, कोणत्याही जातीच्या घरात कानांवर पडते. सुशिक्षितांच्या घरांतूनही ते अद्याप हद्दपार झालेले नाही. फरक इतकाच की, सुशिक्षित मध्यमवर्गीयाने ही चूक केली, तर पुढे दोन वर्षे मुलाच्या दातांना तार बसवून तो ती निस्तरू शकतो. ऊसतोडणी कामगाराच्या मुलाला हा मार्ग मोकळा नसतो. बापाच्या अज्ञानाची आणि शासनाच्या अनास्थेची खूण ते मूल जन्मभर तोंडात वागवते.

सहाव्या वर्षापासून साधारण बाराव्या वर्षापर्यंत मुलाच्या तोंडात दुधाचे आणि कायमचे असे दोन्ही दात एकत्र नांदत असतात. म्हणजे प्राथमिक शाळेचा जवळजवळ सगळा काळ. या काळातील दोन गोष्टी आपल्या कार्यकर्त्यांनी नीट समजावून घ्याव्यात. सहाव्या वर्षाच्या सुमारास, दुधाच्या वीस दातांच्या मागे, कायमच्या चार दाढा निघतात. त्यांना जागा देण्यासाठी एकही दात पडत नाही. त्यामुळे नवे काही आले आहे हे घरात कोणाच्या ध्यानीच येत नाही. त्याही दुधाच्याच, असे समजले जाते. त्यांच्या माथ्यावर खोल खाचा असतात, त्यांत बिस्किटाचा लगदा अडकून राहतो आणि मूल तिसरी-चौथीत जाईपर्यंत दाढ पोखरली गेलेली असते. ही दाढ गेली की तिच्या जागी दुसरी येत नाही.

दुसरी गोष्ट अशी की, दुधाची दाढ ही खाली वाढणाऱ्या दाताची जागा राखून बसलेली असते. शेवटची दुधाची दाढ दहा-बारा वर्षांपर्यंत टिकावी अशी निसर्गाची योजना आहे. ती सातव्या वर्षीच किडून उपटावी लागली, तर मागची नवी दाढ पुढे सरकते आणि मोकळी जागा बळकावते. नंतर येणारा हक्काचा दात मग वाकडा येतो किंवा आतच अडकतो. जमिनीच्या प्रश्नावर लढलेल्या आपल्या साथींना अतिक्रमणाची ही रीत अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

दातांचे सगळेच वाकडेपण असे येत नाही. पुष्कळसे आनुवंशिक असते. आठव्या-नवव्या वर्षी वरच्या पुढच्या दातांत दिसणारी फट तर बहुधा सुळे आल्यावर आपोआप मिटते, तिच्या भयाने कर्ज काढून तार लावण्याचे कारण नाही. परंतु जागा गमावल्यामुळे येणारे वाकडेपण टाळता येते. किडलेली दुधाची दाढ वेळीच भरली तर ती टिकते. काढावीच लागली, तर शेजारच्या दाढेला धातूचे लहानसे कडे व तार बसवून जागा राखता येते.

मग हे होत का नाही? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. त्याच्या फिरत्या पथकांनी वर्षातून एकदा प्रत्येक सरकारी शाळा तपासावी अशी योजना आहे आणि तपासावयाच्या विकारांत दातांचे विकारही आहेत. म्हणजे कागदावर सारे आहे! कीड दिसली की चिठ्ठी लिहिली जाते. ती घेऊन रोज बुडवून तालुक्याला कोणी जायचे, याचे उत्तर चिठ्ठीत नसते. गेलेच, तर भरता येण्याजोगी दाढही उपटून हातावर ठेवली जाते, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतला आहे.

ऊसतोडणी कामगारांच्या मुलांची तर चिठ्ठीसुद्धा होत नाही. दसरा उलटला की बीडकडच्या टोळ्या उचल घेऊन निघतात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. पथक शाळेत येते तेव्हा मूल फडाकाठच्या कोपीत, धाकट्या भावंडाला सांभाळत, चहात बुडवलेल्या बिस्किटावर दिवस काढीत असते. ज्या साखरेच्या जोरावर या राज्याचे निम्मे राजकारण उभे राहिले, तिचा ऊस तोडणाऱ्याच्या मुलाच्या वाट्याला तिची कीडच तेवढी यावी, याला काय म्हणावे?

‘जिथे प्यायला पाणी नाही तिथे दातांचे काय घेऊन बसलात?’ असा आक्षेप आपल्याच बैठकीत घेतला जाईल. ज्याची दाढ ठणकते ते मूल ज्वारीची भाकरी चावू शकत नाही, रात्री झोपत नाही, शाळेत बसत नाही. हा पोषणाचा आणि शिक्षणाचा प्रश्न आहे, सौंदर्याचा नव्हे.

शिवाय हा उपचार महागडा नाही. विजेवाचून, यंत्रावाचून, साध्या हातहत्यारांनी कीड खरवडून सिमेंट भरण्याची पद्धत १९८० नंतरच्या दशकात टांझानियात विकसित झाली, ती शाळेच्या बाकावरही करता येते. ते सिमेंट आणि कीड थोपवणारे चांदीयुक्त फ्लोराइड द्रावण जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातले. या द्रावणाने किडका भाग काळा पडतो, हे आईला आधी सांगितले पाहिजे. गरिबाच्या मुलाचे पुढचे दात न विचारता काळे करण्याचा अधिकार कोणाला नाही. यवतमाळ-चंद्रपूरचे साथी फ्लोराइडचे नाव ऐकून दचकतील, कारण तिथल्या काही गावांत पाण्यातील अतिरिक्त फ्लोराइडनेच दात बिघडले आहेत. इथे मात्र प्रश्न पाण्यात काही मिसळण्याचा नसून दातावर थेंब लावण्याचा आहे.

माणसे नाहीत, ही सबबही टिकणारी नाही. न्यूझीलंडने १९२१ पासून दोन वर्षांच्या प्रशिक्षणाने तयार केलेल्या तरुणींकडे शाळकरी मुलांचे दात सोपवले. आपल्या देशात तर तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत. त्यांतील बहुतेक खाजगी, आणि भरमसाट शुल्क भरून बाहेर पडलेला पदवीधर शहराची वाट धरतो, यात नवल ते काय? त्याला जिल्हा परिषदेत पगारी जागा द्या, मग बोलू.

ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ आहे, त्यासाठी कारखान्यांकडून टनामागे रक्कम घेतली जाते. त्यातून हंगामात कारखान्याच्या तळावर दंतपथक उभे करणे अशक्य नाही. मात्र त्याआधी तोडणीच्या गावांतील शाळांची तपासणी आणि उपचार टोळ्या निघण्यापूर्वी पुरे झाले पाहिजेत, आणि मुलाचे कार्ड त्याच्याबरोबर गेले पाहिजे. बीड जिल्ह्यातील शाखांनी हीच मागणी घेऊन जिल्हा परिषदेवर जावे. जूनमध्ये शाळा उघडल्यापासून दसऱ्यापर्यंत जेमतेम चार महिने हाती असतात.