बिशपचा प्रश्न आणि रोमची बंदी

एका बिशपने न्यूटनच्या गणिताला निरुत्तर केले, ही कथा श्रद्धावंतांच्या कानाला गोड लागते. आम्हांलाही ती एके काळी लागत असे. आज तिच्यातला अर्धा भाग आम्हांला मान्य आहे. उरलेल्या अर्ध्याशी आमचे भांडण आहे.

आयर्लंडमधील क्लॉइनचे बिशप जॉर्ज बर्कली (ते अँग्लिकन होते, हे त्यांचा अभिमान मिरवताना आपण सोयीस्करपणे विसरतो) यांनी १७३४ साली ‘द अॅनालिस्ट’ प्रसिद्ध केले. न्यूटन आणि लाइब्निझ यांच्या कलनशास्त्रावरील त्यांचा आक्षेप शाळकरी मुलालाही कळावा असा आहे. चौरसाची बाजू ‘क्ष’ माना आणि ती ‘ह’ इतकी किंचित वाढवा. क्षेत्रफळातील वाढ होईल २क्षह + ह². तिला ‘ह’ने भागले की २क्ष + ह उरते. येथे गणिती सांगतो की, आता ‘ह’ शून्य समजा, उत्तर २क्ष. पण ‘ह’ शून्यच होता तर त्याने भागले कसे? आणि शून्य नव्हता, तर तो शेवटी टाकून दिला कोणत्या न्यायाने?

उत्तर बरोबर येते, हे बर्कलींनी नाकारले नव्हते. दोन चुका परस्परांना खाऊन टाकतात म्हणून ते बरोबर येते, असे त्यांचे म्हणणे. फळ गोड आहे म्हणून मूळ तपासायचे नाही, ही वृत्ती त्यांना मान्य नव्हती. येथपर्यंत आम्ही पूर्णपणे त्यांच्या बाजूचे आहोत.

भांडण आहे ते त्यांच्या पुढच्या पावलाशी. श्रद्धेच्या रहस्यांना हसणारे गणिती स्वतः त्याहून गूढ गोष्टी निमूटपणे गिळतात, असा त्यांचा टोला होता. टोला झणझणीत खरा. पण शेजाऱ्याचे घर गळते म्हणून आपले छप्पर शाकारले जात नाही. शिवाय शेजाऱ्याने पुढे आपले घर दुरुस्त केले! मॅक्लॉरिन यांनी १७४२ साली बर्कलींना उत्तर म्हणून मोठा ग्रंथ लिहिला. त्याने सारे भागले नाही. १८१७ साली प्रागचे धर्मगुरू बोल्झानो यांनी आणि १८२१ साली कोशी या निष्ठावंत कॅथलिक गणितज्ञाने नवा पाया घातला. तो वायरश्ट्रास यांनी पक्का केला. ‘ह’ला शून्य करायचेच नाही, तो शून्याच्या पुरेसा जवळ नेला की भागाकार २क्षच्या हवा तितका जवळ येतो, एवढेच म्हणायचे. ज्यांनी आपली श्रद्धा गणिताच्या त्या भगदाडावर टेकवली होती, त्यांनी आता कोठे टेकावे?

आता आपल्याच घरातील गोष्ट. बर्कलींच्या शतकभर आधी इटलीत कावालिएरी हे व्रतस्थ गणिती (त्यांचा जेसुएट संघ, येशूसंघ नव्हे) आकृती अगणित समांतर रेषांनी मोजू पाहत होते. त्यांचा ग्रंथ १६३५ साली निघाला. येशूसंघाचे गुल्डिन यांनी हरकत घेतली की, अनंताचे अनंताशी गुणोत्तर असूच शकत नाही. हरकत रास्त होती आणि कावालिएरींनी १६४७ साली तिला छापील उत्तर दिले. विद्वानांचे भांडण असेच असावे. परंतु १० ऑगस्ट १६३२ रोजी, म्हणजे तो ग्रंथ निघण्यापूर्वीच, येशूसंघाच्या रोममधील परीक्षकांनी अशा अविभाज्य घटकांचा सिद्धांत आपल्या विद्यालयांत शिकवण्यास मनाई केली होती. १६५१ साली निषिद्ध मतांच्या यादीत तो पुन्हा आला.

त्या बंदीने सिद्धांतातील एक छिद्रही बुजले नाही. जी शंका फळ्यावर मांडता आली असती, ती हुकमाखाली गाडली गेली. बर्कलींच्या हाती गणितज्ञांवर कसलीच सत्ता नव्हती. म्हणूनच त्यांच्या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी लेखण्या उचलल्या गेल्या. आमच्यातील काही मंडळी मात्र आजही दोन्ही घटनांना ‘धर्माने विज्ञानाला दाखवलेली जागा’ या एकाच मथळ्याखाली बसवतात. आम्हांला हे साफ अमान्य आहे.

आणि बोल्झानो? ज्या धर्मगुरूने बर्कलींच्या शंकेचे खरे निरसन सुरू केले, त्याला १८१९ साली त्याच्या विचारांपायी सम्राटाच्या आज्ञेने अध्यापकपदावरून दूर करण्यात आले.