विश्लेषण : भारताकडून खेळायचं तर पासपोर्ट का सोडावा लागतो? बालेवाडीचा अराता इझुमी ते रायन विल्यम्स

ढाक्यात १८ नोव्हेंबर २०२५ रोजी भारत आशिया चषक पात्रता फेरीत बांगलादेशकडून ०-१ असा हरला. बांगलादेशने भारताला फुटबॉलमध्ये हरवल्याला २२ वर्षं झाली होती. त्या दिवशी दोन्ही संघांसोबत परदेशात जन्मलेले, तिथल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये तयार झालेले खेळाडू होते. बांगलादेशचा हमझा चौधरी मैदानात होता. भारताचा रायन विल्यम्स मात्र संघाबरोबर ढाक्याला जाऊनही खेळू शकला नाही, कारण त्याच्या संघबदलाची कागदपत्रं वेळेत पूर्ण झाली नाहीत. फिफाची मंजुरी आली ती सामना संपल्यावर.

त्यातही एक फरक आहे, जो या सगळ्या चर्चेच्या मुळाशी आहे. हमझा आजही ब्रिटिश नागरिक आहे. विल्यम्सने मात्र भारतीय होण्यासाठी ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडला.

कोण आहे रायन विल्यम्स?

ऑक्टोबर १९९३ मध्ये पर्थजवळ जन्मलेला विंगर. फुलहॅम, पोर्ट्समथ, बार्न्सली, रॉदरहॅम, ऑक्सफर्ड युनायटेड अशा इंग्लिश क्लबांशी तो करारबद्ध होता. २०२३ मध्ये तो बेंगळुरू एफसीत आला. त्याची आई मुंबईच्या अँग्लो-इंडियन कुटुंबातली, आणि आजोबा लिंकन ग्रोस्टेट यांनी १९५०च्या दशकात मुंबईकडून संतोष ट्रॉफी खेळली होती. म्हणजे महाराष्ट्राशी नातं कागदापुरतं नाही, मैदानावरचंही आहे. ऑस्ट्रेलियाच्या वरिष्ठ संघाकडून तो एकच सामना खेळला, २०१९ मध्ये दक्षिण कोरियाविरुद्ध. तो मैत्रीपूर्ण सामना होता, म्हणूनच फिफाच्या नियमात संघ बदलता आला.

पण या वाटेने आलेला तो पहिला नाही. पहिला खेळाडू पुणेकरांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलेला आहे.

म्हाळुंगे-बालेवाडीत खेळणारा जपानी

पुणे शहर आणि मुळशी तालुका जिथे एकमेकांना भिडतात, तिथे म्हाळुंगे-बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल आहे. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते उभं राहिलं, २००८ मध्ये तिथे राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. पुढची काही वर्षं पुणे एफसी या क्लबचं ते घरचं मैदान होतं. त्या संघात मधल्या फळीत एक खेळाडू असायचा, ज्याच्या जर्सीवर जपानी नाव आणि ज्याच्या घरात गुजराती आडनाव होतं. अराता इझुमी.

जुलै १९८२ मध्ये जपानमधल्या शिमोनोसेकीत त्याचा जन्म झाला. आई जपानी, वडील गुजराती वंशाचे भारतीय. नीलकंठ खंभोळजा हे त्याचं भारतीय नाव. जपानमध्ये मित्सुबिशी मिझुशिमा आणि नंतर सिंगापूरमध्ये अल्बिरेक्स निगाता या संघांतून खेळून तो २००६ मध्ये कोलकात्यात ईस्ट बंगालकडे आला. पुढे मुंबईचा महिंद्रा युनायटेड आणि २००९ पासून पुणे एफसी.

पुणे एफसी हा तसा नवा क्लब, २००७ मध्ये अशोक पिरामल समूहाने सुरू केलेला. परंपरा नाही, कोलकात्यासारखा लाखोंचा चाहतावर्ग नाही. तरीही २०१२-१३च्या आय-लीगमध्ये या संघाने चर्चिल ब्रदर्सपाठोपाठ दुसरा क्रमांक मिळवला. त्याच हंगामात इझुमीने आपला कागदी पत्ता बदलला. २०१२च्या अखेरीस त्याला भारतीय नागरिकत्व मिळालं आणि ६ फेब्रुवारी २०१३ रोजी कोचीत पॅलेस्टाइनविरुद्ध तो भारताच्या निळ्या जर्सीत उतरला. भारताने तो सामना २-४ असा गमावला. पण परदेशी नागरिकत्व सोडून भारताकडून खेळणारा पहिला फुटबॉलपटू म्हणून त्याची नोंद झाली.

त्याने नेमकं काय सोडलं, हे समजून घ्यायला हवं. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, आणि जपानही स्वेच्छेने दुसऱ्या देशाचा नागरिक झालेल्याला ठेवून घेत नाही. दोन्ही बाजूंनी दार बंद होणार, हे माहीत असताना त्याने सही केली. जपानचा पासपोर्ट हा जगातल्या सर्वांत ताकदवान पासपोर्टांपैकी एक मानला जातो. भारतीय पासपोर्टवर फिरणाऱ्याला व्हिसाच्या रांगेत काय करावं लागतं, हे हिंजवडीतल्या कोणत्याही आयटी कर्मचाऱ्याला विचारावं. क्लबचा मात्र एक हिशेबी फायदा झाला. तोवर तो परदेशी खेळाडूंच्या कोट्यातली जागा अडवत होता. भारतीय झाल्यावर ती जागा मोकळी झाली.

इझुमीची आंतरराष्ट्रीय कारकीर्द छोटी राहिली. पदार्पणावेळीच तो तिशीत पोहोचला होता, आणि खेळलेले सामने दहाच्या आतच राहिले. क्लब फुटबॉल मात्र बराच काळ चाललं. २०१४ मध्ये पहिली इंडियन सुपर लीग जिंकणाऱ्या अ‍ॅटलेटिको दे कोलकाता संघात तो होता, २०१६ मध्ये एफसी पुणे सिटीकडून पुन्हा बालेवाडीत आला, शेवटी केरला ब्लास्टर्स. नंतर तो प्रशिक्षणाकडे वळला आणि नवी मुंबईतल्या रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्समध्ये मुलांना शिकवू लागला.

नियम नेमका काय?

इथे तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची नेहमी गल्लत होते.

पहिली, फिफाचा नियम. तो तुलनेने सैल आहे. ज्या देशाकडून खेळायचं त्याचं नागरिकत्व हवं, आणि तुमचा, आई-वडिलांपैकी एकाचा किंवा आजी-आजोबांपैकी एकाचा जन्म त्या देशात झालेला हवा. असं नातं नसेल तर तिथे पाच वर्षांचं वास्तव्य लागतं. दुसऱ्या देशाकडून फक्त मैत्रीपूर्ण सामने खेळले असतील तर संघ बदलता येतो. २०२० पासून मोजक्या अधिकृत सामन्यांनंतरही काही अटींवर बदल शक्य झाला आहे. फिफाला दुहेरी नागरिकत्वाचं वावडं नाही.

दुसरी, भारताचा नागरिकत्व कायदा. राज्यघटनेच्या अनुच्छेद ९ पासूनच एका वेळी एकच नागरिकत्व हे तत्त्व आहे. ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून मिळणारं कार्ड, हे नावात ‘नागरिक’ असलं तरी नागरिकत्व नाही. तो आयुष्यभराचा व्हिसा आहे, काही सवलतींसह. मतदान नाही, भारतीय पासपोर्ट नाही.

तिसरी, क्रीडा मंत्रालयाचं धोरण. डिसेंबर २००८ मध्ये मंत्रालयाने स्पष्ट केलं की, देशाचं प्रतिनिधित्व फक्त भारतीय नागरिकच करू शकतील. त्याआधी टेनिसमध्ये अमेरिकी नागरिक असलेला प्रकाश अमृतराज भारताकडून डेव्हिस चषक खेळत होता. ते दार या निर्णयाने बंद झालं. फिफालाही नागरिकत्व लागतंच, त्यामुळे फुटबॉलमध्ये हे धोरण बदललं तरी केवळ ओसीआय कार्डावर कोणाला खेळता येणार नाही. ही बाब सोशल मीडियावरच्या ‘ओसीआयना खेळवा’ मोहिमेत बहुतेक वेळा सुटून जाते.

मग ओसीआय खेळाडूने नागरिक का होऊ नये?

होता येतं. ओसीआय म्हणून पाच वर्षं नोंद आणि अर्जाच्या आधी सलग १२ महिने भारतात वास्तव्य, अशी मुख्य अट आहे. ओसीआय नसलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीला सात वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. विशेष परिस्थितीत १२ महिन्यांच्या वास्तव्यात खंड चालतो, पण तो जास्तीत जास्त ३० दिवसांचा.

खरी मेख इथे आहे. इंग्लंड किंवा नेदरलँड्समध्ये करिअर घडवणारा बाविशीतला खेळाडू वर्षभर भारतात येऊन राहणार कसा? त्याला तिथला करार सोडून इथल्या क्लबमध्ये यावं लागेल. म्हणजे ही वाट व्यवहारात फक्त अशांसाठी उघडी आहे, जे आधीच भारतात खेळायला आलेले आहेत. आणि युरोपात जागा असलेला खेळाडू ऐन उमेदीत सहसा इकडे येत नाही. इझुमी पदार्पणावेळी ३० वर्षांचा होता. विल्यम्सच्या हातात भारतीय पासपोर्ट आला तेव्हा तो ३२ वर्षांचा. हा योगायोग नाही, कायद्याच्या रचनेतूनच आलेलं वय आहे.

ब्रिटिश पासपोर्ट सोडणाऱ्याचं आणखी एक नुकसान होतं. इंग्लंडमध्ये परत खेळायचं तर त्याला परदेशी खेळाडू म्हणून परवाना घ्यावा लागेल, आणि त्याच्या गुणपद्धतीत राष्ट्रीय संघाचे गुण फिफा क्रमवारीतल्या पहिल्या ५० देशांच्या खेळाडूंनाच मिळतात. भारत नोव्हेंबर २०२५ मध्ये १४२व्या स्थानावर होता. न्यूकॅसल, संडरलँडकडून खेळलेला मायकेल चोप्रा भारताकडून खेळण्याबद्दल अनेकदा बोलला, केरला ब्लास्टर्ससाठी भारतात आलाही. भारताची जर्सी त्याला कधी मिळाली नाही.

मोरोक्कोला हे कसं जमतं?

तुलनेसाठी हकीम झियेशचं उदाहरण घ्या. मार्च १९९३ मध्ये नेदरलँड्समधल्या ड्रॉन्टनमध्ये जन्म, मोरोक्कन कुटुंब, नऊ भावंडांतला धाकटा. १९६९ मध्ये नेदरलँड्स आणि मोरोक्कोत कामगार भरतीचा करार झाला; त्या काळात तिकडे गेलेल्या कुटुंबांची मुलं-नातवंडं आज डच फुटबॉलमध्ये सर्वत्र दिसतात. झियेश हीरनवीनमध्ये घडला, ट्वेंटे आणि आयाक्सकडून खेळला, २०१९ मध्ये आयाक्सला चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत नेणाऱ्या संघाचा तो कणा होता. पुढे चेल्सीबरोबर त्याने २०२१ मध्ये हीच स्पर्धा जिंकली.

डच युवा संघांतून तो खेळला होता. २०१५ मध्ये वरिष्ठ डच संघात निवडही झाली, पण दुखापतीमुळे पदार्पण हुकलं. काही महिन्यांत त्याने मोरोक्को निवडला. नेदरलँड्समध्ये टीका झाली, मार्को व्हॅन बास्टेनसारख्या दिग्गजानेही सुनावलं. पण पासपोर्टचा प्रश्न आलाच नाही. मोरोक्कोचं नागरिकत्व वंशाने मिळतं आणि ते सोडणं जवळपास अशक्य आहे, हे गृहीत धरूनच डच कायदा या दुहेरी नागरिकांशी वागतो. झियेशने २२व्या वर्षी संघ निवडला, आणि ट्वेंटेमधली नोकरी, घर, व्हिसा यातलं काहीच पणाला लागलं नाही.

२०२२च्या विश्वचषकात मोरोक्को उपांत्य फेरी गाठणारा पहिला आफ्रिकी देश ठरला. त्या २६ जणांतले १४ मोरोक्कोबाहेर जन्मलेले होते. झियेश, सोफ्यान अम्राबात, नुसैर मझरावी आणि झकारिया अबुखलाल हे चौघे नेदरलँड्समध्ये. याच समाजातला इब्राहिम अफेलाय मात्र नेदरलँड्सकडून खेळला. निवड दोन्हीकडे होते.

आणखी जवळचं उदाहरण सुरीनामचं. तो देशही डच नागरिक झालेल्यांना दुहेरी नागरिकत्व देत नव्हता. त्यांनी ‘क्रीडा पासपोर्ट’ काढला, त्याला फिफाची मान्यता मिळवली, आणि डच लीगमधले सुरीनामी वंशाचे व्यावसायिक खेळाडू २०२१च्या गोल्ड कपमध्ये सुरीनामकडून उतरले. त्याच सुरीनाममार्गे नेदरलँड्सला गेलेल्या भारतीय वंशाच्या घरातला लुसियानो नरसिंग डच राष्ट्रीय संघाकडून खेळला. त्याच्यासारख्यांसाठी भारताने कायदा कितीही सैल केला तरी उपयोग नाही. सुरीनामला गेलेले पूर्वज आजोबांच्याही मागच्या पिढ्यांतले, आणि फिफा आजी-आजोबांवर थांबते.

भारतात असा पासपोर्ट येईल का?

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०२३ मध्ये या विषयावर समीर थापर यांच्या नेतृत्वाखाली कृतिगट नेमला. पण नागरिकत्व हा गृह मंत्रालयाचा विषय, आणि फुटबॉलसाठी उघडलेली खिडकी इतर मागण्यांसाठीही उघडी राहील, ही सरकारची अडचण समजण्यासारखी आहे.

शिवाय मोरोक्कोची गोष्ट फक्त परदेशस्थ मुलांची नाही. रबातजवळच्या मोहम्मद सहावे अकादमीतून युसेफ एन-नेसिरी, नायेफ अगेर्द, अझेदिन उनाही असे खेळाडू निघाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये मोरोक्कोने २० वर्षांखालील विश्वचषक जिंकला. भारतात त्याच काळात २०२५-२६चा आयएसएल हंगाम वेळेवर सुरूही होऊ शकला नाही. पुण्यापुरतं बोलायचं तर इझुमीचा पुणे एफसी २०१५ मध्ये संपला आणि एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये. बालेवाडीत २०२२च्या महिला आशिया चषकाचे सामने झाले, पण तिथे नियमित खेळणारा अव्वल श्रेणीतला क्लब आज नाही. परदेशातला एखादा पुणेकर वंशाचा विंगर उद्या १२ महिने भारतात राहायला तयार झाला, तरी त्याला करार शोधायला दुसऱ्या शहरात जावं लागेल.

मुळशीतल्या ओसीआय मुलांचं काय?

हिंजवडी, बावधन, भूगाव या पट्ट्यात परदेशातून परतलेली बरीच कुटुंबं आहेत. मुलगी अमेरिकेत जन्मलेली, अमेरिकी पासपोर्ट, ओसीआय कार्ड, आणि शनिवार-रविवारी अकादमीत फुटबॉल किंवा बॅडमिंटन, हे चित्र इथे नवीन नाही. शाळेला, क्लबला अडचण येत नाही. अडचण येते ती भारताच्या वयोगट संघाच्या निवडीपाशी, कारण २००८चं धोरण तिथेही लागू आहे.

आई किंवा वडील अजून भारतीय नागरिक असतील, तर नागरिकत्व कायद्याच्या कलम ५ नुसार अज्ञान मुलांच्या नोंदणीसाठी अर्ज करता येतो. तो मंजूर झाला की परदेशी पासपोर्ट ठेवता येत नाही. दोघांनीही परदेशी नागरिकत्व घेतलेलं असेल, तर हा सोपा मार्ग बंद होतो आणि ओसीआयच्या पाच वर्षांची मोजणी सुरू होते. ती कार्ड नोंदवल्याच्या तारखेपासून होते, भारतात परतल्याच्या तारखेपासून नाही.