घाम फुटला म्हणजे शुद्धी होत नाही

पहाटे साडेचारला मावशी मोरीच्या उंबऱ्यावर बसलेली सापडली. अंगावरचं पातळ घामानं भिजलेलं, हात थरथरत होते आणि मी विचारत होतो एक, ती बोलत होती भलतंच. कच्च्या आहाराच्या शिबिराहून येऊन तिला चार दिवस झाले होते. ‘अरे, विष बाहेर पडतंय, होणारच असं,’ ती पुटपुटली. शिबिरात तिला तसंच सांगितलं होतं. ग्लुकोमीटरवर आकडा आला 46.

माझं भांडण त्या वाक्याशी आहे, कच्च्या आहाराशी नाही.

आधी पूर्वपक्ष. अपक्वाहाराचे पुरस्कर्ते म्हणतात की शिजवल्यानं अन्नातली एन्झाइम्स नष्ट होतात. फळं, पालेभाज्या, मोड आलेली कडधान्यं, ओलं खोबरं एवढ्यावर राहिलं, दूधदुभतं सोडलं, की वर्षानुवर्षं साठलेलं विष सुटू लागतं. ते सुटताना चक्कर येते, घाम येतो, हातपाय कापतात. याला ते ‘हीलिंग क्रायसिस’ म्हणतात आणि तो सोसायचा असतो, असं बजावतात. यातलं खरं आहे ते मान्य करतो. तळण आणि मैदा सुटला, पानात भाजी वाढली, तर पुष्कळांचं वजन उतरतं, जेवणानंतरची साखरही उतरते. मावशीचीही उतरली, आणि घात तिथेच झाला.

ती मधुमेहासाठी रोज ग्लिमेपिराइडची गोळी घेत होती. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडते, मग पोटात भाकरी असो वा नसो. एक किलो काकडीत जेमतेम दीडशे कॅलरी असतात. भाकरी-भात गेला, काकडी-कोथिंबीर आली, गोळी मात्र तेवढीच राहिली. मेंदूला दिवसाला साधारण 120 ग्रॅम ग्लुकोज लागतं आणि यकृतातला साठा असतो शंभरेक ग्रॅमचा. रात्री तो साठा पुरवून पुरवून वापरावा लागतो, आणि नेमकं तेव्हाच अंगातलं जास्तीचं इन्सुलिन यकृताचा हात धरून ठेवतं. साखर 70 च्या खाली गेली की शरीर अॅड्रेनलिन सोडून हाका मारू लागतं. घाम, धडधड, थरथर या त्याच हाका. 54 च्या खाली मेंदूच उपाशी पडू लागतो, म्हणून बोलणं भरकटतं. यात विषाचा संबंध कुठे येतो? आणि ज्या एन्झाइम्सचा एवढा गौरव होतो, तीही प्रथिनंच. जठरातल्या आम्लात त्यांतली बहुतेक मोडून पडतात.

सोसायला सांगणं हा यातला सगळ्यात घातक भाग. पडसं सोसता येतं. उतरलेली साखर सोसत बसणारा माणूस बेशुद्ध होतो.

गांधीजींचं नाव या शिबिरांत आदरानं घेतलं जातं, आणि 1946 साली उरुळीकांचनला निसर्गोपचाराचं काम त्यांनीच सुरू केलं, तेव्हा ते योग्यच आहे. पण त्यांनी स्वतः न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग 1893 साली प्रिटोरियात केला आणि थोड्याच दिवसांत सोडला. 1929 साली पुन्हा केला, प्रकृती बिघडल्यावर थांबवला, आणि हे सगळं छापून लोकांना सांगितलं. प्रकृतीची तक्रार त्यांनी शुद्धी म्हणून खपवली नाही. त्यांचा वारसा सांगायचा तर हा प्रामाणिकपणाही घ्यायला हवा.

आता दुसऱ्या बाजूशीही दोन शब्द. शुगर लो झाल्याचं ऐकलं की घरातले म्हणतात, हे खूळ सोडा, दूध-अंडी सुरू करा. हेही चूक. उतरलेली साखर वर आणायला प्राणिजन्य काहीही लागत नाही. उलट दुधातली चरबी पोट उशिरा रिकामं करते. तातडीच्या वेळी मूठभर बदामही त्याच कारणानं निरुपयोगी. लागतं ते 15 ग्रॅम चटकन शोषलं जाणारं ग्लुकोज: ग्लुकोज पावडरचे तीन-चार छोटे चमचे पाण्यातून. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, कमीच असेल तर पुन्हा तेवढंच द्यायचं. पावडर बहुधा मक्याच्या स्टार्चची असते, म्हणजे व्हीगनच. ती ‘कच्ची’ नाही म्हणून मावशीनं पहिल्यांदा ओठ मिटून घेतले. ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

पावडर हाताशी नसेल तर कच्च्या आहारातच उपाय आहे, फक्त नीट निवडायला हवा. आपल्याकडे पुष्कळांना ग्लिमेपिराइडच्या जोडीला व्होग्लिबोज दिलेलं असतं. ते साध्या साखरेचं आतड्यात विघटन होऊ देत नाही, त्यामुळे साखरपाणी, गूळपाणी देऊनही आकडा लवकर हलत नाही. द्राक्षं, तासगावचे बेदाणे, खजूर यांत मात्र ग्लुकोज मोकळं असतं. दोन मोठे चमचे बेदाणे किंवा तीन लहान खजूर, नीट चावून. केळं पिवळंधमक, ठिपके पडलेलं हवं. हिरवट केळ्यातला स्टार्च वेळेवर कामाला येत नाही. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. या गोळ्यांचा अंमल तासन्‌तास राहतो, म्हणून एकदा आकडा वर आला की निजायचं नाही. पोटभरीचं काही खायचं आणि मोजत राहायचं.

गोळी किंवा इन्सुलिन न घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांची साखर खरोखर इतकी उतरणं विरळा. त्यांची चक्कर बहुधा उपासमारीची, कमी रक्तदाबाची किंवा बी-12 च्या कमतरतेची असते. हे जीवनसत्त्व कच्च्या शाकाहारातून मिळत नाही, ते वेगळं घ्यावंच लागतं. जर्मनीतल्या गीसेन विद्यापीठाच्या संशोधकांनी 1999 साली दीर्घकाळ कच्चं खाणाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात 45 वर्षांखालच्या सुमारे 30 टक्के स्त्रियांची पाळी अनियमित झालेली किंवा थांबलेली होती. शरीराला अन्न पुरत नसल्याची ही खूण आहे. चक्कर आल्याबरोबर रिकाम्या पोटी पेलाभर रस पिण्यानं ही उणीव भरून निघत नाही; काहींची साखर तर त्यानंतर दोन-चार तासांनी आणखी घसरते. फळाबरोबर मोडाचे मूग, भिजवलेले शेंगदाणे, खोबरं खावं, आणि चक्कर आली की आधी बोटाला सुई टोचून आकडा पाहावा.

मावशीच्या डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड बंद केलं. ती आता दिवसाचं एक जेवण कच्चं घेते, बाकी भाकरी-आमटी, आणि उशाशी बेदाण्यांची डबी असते. शिबिरं चालवणाऱ्यांकडे माझं एकच मागणं आहे: नावनोंदणीच्या कागदावर ‘साखरेची कोणती गोळी चालू आहे?’ हा रकाना घाला, आणि तो भरलेला दिसला तर डॉक्टरांची चिठ्ठी आल्याशिवाय त्या माणसाचं धान्य बंद करू नका. मावशीच्या कागदावर नाव, वय, वजन आणि फोन नंबर, एवढंच होतं.