इको नॉर्मल, तरी धाप का लागते?

चौऱ्याहत्तर वर्षांच्या एक आजी गेली बारा-तेरा वर्षे माझ्या दवाखान्यात येतात. रक्तदाब जुना, मधुमेह त्याहून थोडा नवा, गुडघे दुखरे. दोन वर्षांपूर्वी त्या पहिल्यांदा म्हणाल्या, "डॉक्टर, देवळाच्या पायऱ्या आता एका दमात चढवत नाहीत." मी छाती तपासली, ईसीजी काढला, इको करून आणण्यास सांगितले. अहवालात हृदयाची पंपिंगची क्षमता ६० टक्के होती. ती नॉर्मल समजली जाते. मुलगा निर्धास्त झाला आणि खरे सांगायचे तर मीही झालो. "वयोमानाप्रमाणे व्हायचेच, थोडे वजन उतरवा," असे म्हणून मी त्यांना घरी पाठवले. आठ महिन्यांनी पावलांवर सूज आली, रात्री तीन उशा घेऊन बसल्याशिवाय झोप येईना आणि अखेर रुग्णालयात दाखल करावे लागले. निदान झाले हार्ट फेल्युअरचे. पंपिंग तेव्हाही ६० टक्केच होते.

ही माझी चूक होती, आणि ती अनेक घरांत व अनेक दवाखान्यांत होते. म्हणून आजचे सदर तिच्याविषयी.

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. शरीराच्या गरजेइतके रक्त पुरवताना हृदय कमी पडते, किंवा ते पुरवण्यासाठी त्याला आतला दाब फार वाढवावा लागतो, अशी ही अवस्था असते. काही रुग्णांत हृदयाचा स्नायू दुबळा होतो आणि नीट आकुंचन पावत नाही. हे इकोमध्ये सहज कळते. दुसऱ्या प्रकारात आकुंचन उत्तम असते, पण स्नायू ताठर झाल्यामुळे हृदय पुरेसे सैल पडत नाही. मग रक्त आत शिरताना अडखळते, मागे फुप्फुसांत दाब वाढतो आणि चालताना धाप लागते. जगभरातील रुग्णांपैकी सुमारे निम्मे या दुसऱ्या प्रकारात मोडतात. त्यांत वयस्कर माणसे, विशेषतः स्त्रिया, आणि रक्तदाब, मधुमेह व स्थूलता असलेले अधिक असतात.

हा स्नायू ताठर का होतो? याचे उत्तर शोधताना संशोधकांचे लक्ष शरीरातील सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांकडे गेले आहे.

रक्त शरीरात फिरते हे विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये सप्रमाण मांडले. परंतु रोहिण्यांतून नीलांमध्ये ते नेमके कोठून जाते, हे त्यांना दाखवता आले नाही. १६६१ मध्ये मार्चेल्लो माल्पिघी या इटालियन वैद्याने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली तो दुवा पाहिला. त्याच केशवाहिन्या. नावात केस असला तरी केसाच्या मानाने त्या कितीतरी बारीक असतात. एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही अरुंद. तांबड्या पेशींना त्यांतून एकामागे एक, अंग चोरून जावे लागते. प्राणवायू आणि पोषण पेशींना मिळते ते येथेच. मोठ्या वाहिन्या केवळ वाहतुकीच्या.

या सूक्ष्म वाहिन्यांच्या आतून पेशींचे एक पातळ अस्तर असते. ते नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करते. त्यामुळे केशवाहिन्यांच्या आधीच्या लहान रोहिण्या सैल होतात आणि गरजेच्या वेळी प्रवाह वाढतो. या शोधासाठी १९९८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक दिले गेले. वय, मधुमेह, वाढलेला रक्तदाब आणि पोटावरची चरबी यांमुळे या अस्तराला सौम्य पण सततची सूज येते, नायट्रिक ऑक्साइड कमी पडते आणि हृदयाचा स्नायू हळूहळू ताठर होतो, अशी मांडणी २०१३ मध्ये पुढे आली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुदेशीय अभ्यासात पंपिंग चांगले असलेल्या हार्ट फेल्युअरच्या २०२ रुग्णांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जणांत हृदयातील सूक्ष्म वाहिन्यांचे काम बिघडलेले आढळले.

धरणात पाणी आहे, मुख्य कालवाही वाहतो आहे, पण चाऱ्या गाळाने भरल्या तर टेलच्या शेतकऱ्याला पाणी मिळत नाही. अँजिओग्राफी आपल्याला कालवे दाखवते. चाऱ्या तिच्यात दिसत नाहीत. म्हणून "ब्लॉकेज नाही" हे वाक्य ऐकून आनंद जरूर माना, परंतु आईला धाप लागत असेल तर तपास तेथे थांबवू नका.

मांड्या आणि पोटऱ्यांचीही हीच गत होते. या रुग्णांच्या मांडीच्या स्नायूत समवयस्क निरोगी माणसांपेक्षा केशवाहिन्या कमी आढळतात. पाय लवकर थकतात ते यामुळेही. मग घरचे प्रेमाने सांगतात, "आई, तू बसून राहा, आम्ही करतो सगळे." या प्रेमानेच फार नुकसान होते. वापर थांबला की स्नायू झिजतो आणि त्यातील वाहिन्याही घटतात.

मग नायट्रिक ऑक्साइड वाढवणारी गोळीच का देऊ नये? तसा प्रयत्न झाला. नायट्रेटच्या गोळ्यांची अशा रुग्णांवर चाचणी झाली; २०१५ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा रुग्णांची रोजची हालचाल वाढली नव्हती, उलट काहीशी कमीच झाली होती. नियमित व्यायामाने मात्र अशा वृद्धांची चालण्याची क्षमता वाढते. गंमत अशी की, त्यात हृदयाच्या कामगिरीपेक्षा पायांच्या स्नायूंनी रक्तातून अधिक प्राणवायू उचलण्याचा वाटा मोठा असतो. रुग्णालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या साठीपुढच्या रुग्णांनाही तोल, बळ आणि चालणे यांचा धीम्या गतीने सराव दिल्यास फायदा होतो, हे २०२१ च्या एका अभ्यासात दिसले. मात्र त्यामुळे पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण लक्षणीय घटले नाही, हेही सांगितले पाहिजे.

तेव्हा सूज आणि धाप आटोक्यात आल्यावर, डॉक्टरांना विचारून, घरातल्या घरात पाच मिनिटे चालण्यापासून आरंभ करावा. चालताना दोन वाक्ये बोलता यावीत, इतकाच वेग ठेवावा. खुर्चीवरून हात न टेकता उठणे आणि बसणे हा मांड्यांसाठी उत्तम व्यायाम आहे. पहिले काही दिवस कोणीतरी शेजारी उभे राहावे.

औषधांत एम्पाग्लिफ्लोझिन आणि डापाग्लिफ्लोझिन या गोळ्यांनी या प्रकारच्या रुग्णांचे रुग्णालयात दाखल होणे कमी होते, हे २०२१ आणि २०२२ मधील मोठ्या चाचण्यांत दिसले, मधुमेह नसलेल्यांतही. त्या घेताना लघवीच्या जागी खाज येऊ शकते, तेथील स्वच्छता पाळावी. उलट्या, जुलाब किंवा निर्जळी उपवास असेल तर गोळी चालू ठेवावी की नाही, हे आधी डॉक्टरांना विचारावे. एकादशी आमच्याकडे वर्षातून चोवीस वेळा येते, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

एका गोष्टीची मला सर्वाधिक धास्ती वाटते: मेडिकलमधून परस्पर आणलेली गुडघेदुखीची गोळी. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांमुळे शरीरात मीठ आणि पाणी साचते. आमच्या आजी दाखल झाल्या त्याआधी पंधरा दिवस त्यांनी अशीच एक गोळी घेतली होती. ते मला नंतर कळले, कारण मी विचारलेच नव्हते. पाण्यात फसफसणारी आम्लपित्ताची पावडरही सोडियमचीच असते. लोणचे आणि पापड यांविषयी आपण जाणताच. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते; मूत्रपिंड अधू असल्यास किंवा हृदयाची काही औषधे चालू असल्यास तेही विचारल्याशिवाय वापरू नये.

रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, एकाच काट्यावर वजन करून वहीत लिहावे. तीन दिवसांत दोन किलोहून अधिक वाढले, किंवा रात्री उशा वाढवाव्या लागल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. बसल्या जागी धाप, छातीत दुखणे किंवा भोवळ असेल तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आजींची वही गेल्या सोमवारी पाहिली. आकडे नातीच्या हस्ताक्षरात आहेत. देवळाच्या पायऱ्या एकवीस. अकराव्या पायरीवर त्या कठड्याला धरून थांबतात, दहा श्वास मोजतात आणि मग वर जातात. मुलगा खाली उभा राहून घड्याळ पाहतो, एवढेच त्यांना आवडत नाही.