खचलेला पाया आणि बाजारभावाचा न्याय

चक्रीवादळ येऊन गेले की वृत्तपत्रांत छायाचित्रे येतात ती उडालेल्या छपरांची आणि उन्मळून पडलेल्या झाडांची. पाया कोणाला दिसत नाही, म्हणून त्याचे छायाचित्रही निघत नाही. परंतु वादळानंतर घर पुन्हा उभे राहणार की नाही, हे छपरावर नव्हे तर पायावर ठरत असते. छप्पर महिन्याभरात घालता येते. खचलेला पाया सावरायला मात्र कित्येकदा आयुष्यभराची कमाई लागते. ती ज्याच्यापाशी नाही त्याचा पाया कोणी सावरायचा, हा स्थापत्यशास्त्राचा नव्हे, अर्थकारणाचा प्रश्न आहे. अमेरिकेसारख्या धनाढ्य देशाने त्याला दिलेले उत्तर समाजवादी कार्यकर्त्यांनी बारकाईने तपासण्याजोगे आहे.

२९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना हे चक्रीवादळ अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावर आदळले आणि लुइझियाना राज्यातील न्यू ऑर्लिन्स शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. शहर बुडाले ते केवळ वादळामुळे नव्हे. कालव्यांच्या काठच्या संरक्षक भिंती फुटल्या म्हणून बुडाले. त्यांपैकी सतराव्या रस्त्याच्या आणि लंडन अव्हेन्यूच्या कालव्यांवरील भिंती तर पाणी माथ्यावरून वाहू लागण्यापूर्वीच ढासळल्या. कारण ज्या मऊ मातीत त्या रोवल्या होत्या, तिच्या ताकदीचा अंदाजच चुकला होता. भिंतींची जबाबदारी असलेल्या लष्करी अभियंता दलाच्या प्रमुखांनी जून २००६ मध्ये आराखड्यातील दोष मान्यही केला. म्हणजे नागरिकांच्या घरांचे पाये खचले ते सरकारी भिंतींचा पाया आधी खचला म्हणून. तरीही पूरनियंत्रणाच्या कामांना १९२८ च्या कायद्याने दिलेल्या संरक्षणापुढे भरपाईचे दावे टिकले नाहीत. चूक सार्वजनिक, नुकसान मात्र खासगी, अशी ही वाटणी होती.

घराच्या पायावर वादळाचा आघात तीन बाजूंनी होतो. वारा घराला वर आणि बाजूला ओढतो. पाणी तळाशी शिरले की घर तरंगू पाहते. आणि ओसरताना तेच पाणी पायाखालची माती खरवडून नेते. न्यू ऑर्लिन्समधील जुनी लाकडी घरे विटांच्या बुटक्या खांबांवर टेकलेली, तर दुसऱ्या महायुद्धानंतरची पुष्कळशी घरे जमिनीवरच्या काँक्रीटच्या सलग लादीवर उभी. लोअर नाइन्थ वॉर्ड या मुख्यतः कृष्णवर्णीय श्रमिकांच्या वस्तीत औद्योगिक कालव्याची भिंत फुटली, तेव्हा घरेच्या घरे खांबांवरून सुटून दूर जाऊन पडली. जी जागेवर राहिली तीही सुरक्षित होती असे नव्हे. कित्येक दिवस पाण्यात भिजलेली चिकणमाती फुगते, सुकताना आक्रसते आणि तेही सर्वत्र सारखे नाही. त्यामुळे भिंतींना तिरके तडे जातात, दारे चौकटीत बसेनाशी होतात. हे नुकसान कधी कधी वादळानंतर कित्येक महिन्यांनी उघड होते, म्हणजे पाहणी करणारा अधिकारी येऊन गेल्यानंतर.

दुरुस्तीचे शास्त्र अवगत आहे. बंदिस्त तळघरात साचलेले पाणी एकदम उपसू नये. बाहेरच्या भिजलेल्या मातीचा दाब भिंत आत ढकलतो. पाया सावकाश सुकू द्यावा. तडे वाढत आहेत की स्थिरावले आहेत, हे काही काळ खुणा करून पाहावे. स्थिरावलेले बारीक तडे इपॉक्सीने भरता येतात. घराची पातळीच बिघडली असेल तर ते जॅकवर उचलून, टणक थरापर्यंत नेलेल्या नव्या खांबांचा आधार द्यावा लागतो. घर पायाशी पोलादी पट्ट्यांनी जखडावे, पायाच्या भिंतींत पाणी आरपार जाईल अशी मोकळी द्वारे ठेवावीत आणि शक्य असेल तेथे संपूर्ण घर पुराच्या पातळीच्या वर घ्यावे. यांतले गुपित काहीच नाही. अडते ते पैशापाशी.

प्रथम विमा कंपन्यांकडे पाहावे. घराच्या सर्वसाधारण विम्यात वाऱ्याचे नुकसान येते, पुराचे येत नाही. पुराचा विमा सरकारी योजनेतून वेगळा घ्यावा लागतो. परिणामी घर वाऱ्याने मोडले की पाण्याने, यावर वर्षानुवर्षे वाद चालले. किनाऱ्यावर जेथे घराची केवळ लादी शिल्लक उरली होती, तेथे साक्ष तरी कोणाची काढणार? मिसिसिपी राज्यातील एका घराच्या प्रकरणात, वाऱ्याचे नुकसान पुराच्या खात्यावर टाकून एका कंपनीने आपला भार सरकारी तिजोरीवर ढकलला, असा निर्णय २०१३ मध्ये ज्यूरीने दिला आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो टिकला. नफा खासगी आणि तोटा सार्वजनिक, हे सूत्र वादळातही सुटत नाही.

परंतु खरा धडा आहे तो शासकीय योजनेचा. केंद्राच्या पैशातून लुइझियानाने ‘रोड होम’ नावाची गृहबांधणी योजना राबविली. कमाल अनुदान दीड लाख डॉलर. आणि ते मोजायचे वादळापूर्वीचा घराचा बाजारभाव किंवा दुरुस्तीचा खर्च, यांपैकी जी रक्कम कमी असेल तिच्यावरून. वरवर पाहता हा नियम निःपक्षपाती वाटतो. समजा, एकाच मापाची दोन घरे आहेत आणि दोहोंच्या दुरुस्तीला सव्वा लाख डॉलर लागणार आहेत. गोऱ्यांच्या वस्तीतील घराचा भाव दोन लाख, तर कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील घराचा सत्तर हजार. पहिल्याला सव्वा लाखाच्या आधारे मदत मिळेल, दुसऱ्याला सत्तर हजारांच्या. सिमेंट, पोलाद आणि गवंड्याची मजुरी वस्ती पाहून स्वस्त होत नाही. स्वस्त ठरते ते केवळ माणसाचे घर. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वर्णभेदाने पाडलेला भाव शासनाने मदतीचे माप म्हणून वापरला. या सूत्राविरुद्ध २००८ मध्ये कृष्णवर्णीय घरमालक आणि नागरी हक्कांच्या संघटना न्यायालयात गेल्या. २०११ मध्ये ६.२ कोटी डॉलरची तडजोड झाली. तोवर सहा वर्षे उलटली होती.

याच बाजारभावाची दुसरी धार आणखी तीक्ष्ण आहे. पूरविम्याच्या नियमानुसार दुरुस्तीचा खर्च इमारतीच्या बाजारमूल्याच्या निम्म्यावर गेला, तर पूरप्रवण भागातील ते घर ठरावीक पातळीपर्यंत उंच घ्यावे लागते. घर जितके कमी किमतीचे, तितकी ही मर्यादा लवकर ओलांडली जाते. म्हणजे एकच आकडा गरिबाची मदत कमी करतो आणि त्याच्यावरची सक्ती वाढवितो. उंची वाढविण्यासाठी कमाल तीस हजार डॉलरचे वेगळे अनुदान होते. ते अनेकांना पुरणारे नव्हते. कित्येक कुटुंबांनी त्या पैशांतून आधी मोडलेली भिंत उभी केली, छप्पर घातले. पुढे राज्याने ‘घर उंच केले नाही’ म्हणून अशा तीन हजारांहून अधिक कुटुंबांवर वसुलीचे दावे लावले. ते मागे घेण्याची घोषणा व्हायला २०२३ साल उजाडले. मूळ सूत्र अपुरे होते, याची शिक्षा सूत्र आखणाऱ्यांना झाली नाही. ती डोक्यावर छप्पर घालणाऱ्यांना भोगावी लागली.

महाराष्ट्राने यावरून स्वतःची पाठ थोपटून घेण्याचे कारण नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगडचा किनारा झोडपला, तेव्हा केंद्रीय निकषानुसार पूर्णतः पडलेल्या घराला ९५,१०० रुपये मिळत होते. राज्य शासनाने ती रक्कम दीड लाख केली. बाजारभावावर न बेतलेली ठोक रक्कम तत्त्वतः अधिक न्याय्य, हे मान्य करावे लागेल. परंतु अंशतः नुकसान झालेल्या पक्क्या घरासाठी केंद्राचा निकष होता अवघा ५,२०० रुपयांचा. वर कौले उडाली, पण भिंती उभ्या आहेत, अशा घराचे जोते खचले आहे काय, हे धावत्या पंचनाम्यात कोण पाहणार? न्यू ऑर्लिन्समध्ये आजोबांच्या नावावरच राहिलेल्या घरांचे वारस कागदाअभावी मदतीसाठी अडले. सामाईक उताऱ्याची आणि मुंबईला गेलेल्या हिस्सेदारांची अडचण कोकणालाही परकी नाही.

म्हणून मागणी नेमकी असली पाहिजे. मदत घराच्या किमतीवर नव्हे, तर ते सुरक्षितपणे उभे करण्याच्या प्रत्यक्ष खर्चावर ठरावी. पंचनाम्यात जोते आणि पाया यांचा स्वतंत्र रकाना असावा आणि पावसाळा संपल्यावर दुसरी पाहणी व्हावी. राहत्या कुटुंबाचा ताबा हाच मदतीसाठी पुरेसा आधार मानावा. वादळाच्या दुसऱ्या दिवशी गावात पोहोचणाऱ्या कार्यकर्त्याने पत्रे आणि ताडपत्री अवश्य वाटावी. परंतु जोत्यावरचे तडेही तारखेनिशी नोंदवून ठेवावेत आणि त्या नोंदी तहसील कचेरीत दाखल कराव्यात. पत्र्यांचे वाटप दयेने भागते; पायासाठी हक्कच मागावा लागतो.