हमीदाबानूचा शड्डू

भोर-वेल्ह्याकडे जत्रा म्हटली की कुस्त्यांचा फड आलाच. राजगडाखालचं पाली काय नि दुसरं गाव काय, शड्डू पुरुषांनी ठोकायचा आणि आपण भाकरी थापता थापता लांबून हलगी ऐकायची. म्हणून आज हमीदाबानूविषयी लिहावंसं वाटलं.

मूळची मिर्झापूरची ही बाई अलीगढला कुस्ती शिकली आणि १९४०-५०च्या दशकांत थेट पुरुष पैलवानांशी लढली. मला हरवेल त्याच्याशी लग्न करीन, असं तिने १९५४ साली जाहीरच करून टाकलं. त्याच वर्षी मे महिन्यात बडोद्याला तिने बाबा पैलवानाला १ मिनिट ३४ सेकंदांत चीत केलं. लग्न राहिलं!

अशा पैजेवरच गर्दी जमायची. पेपरांत तर तिच्या डावांपेक्षा खुराकाची चर्चा जास्त. वजन १०८ किलो, दिवसाला साडेपाच लिटर दूध, अर्धा किलो लोणी, सहा अंडी, वर बिर्याणी. बाईने किती खावं, हा विषय आपल्याकडे कायमच चवीने चघळला जातो, नाही का?

पण ती जिंकली की लोकांना सोसायचं नाही. कोल्हापुरात तिने शोभासिंग पंजाबीला हरवलं, तर प्रेक्षकांनी हुर्यो उडवून दगड मारले. पोलिसांना मध्ये पडावं लागलं. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रद्द झाली. पुढे मुंबई राज्यात बाई-पुरुष कुस्त्यांना मनाई झाली, तेव्हा तिने मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. बाई म्हणून बंदी नाही, आयोजक डमी पैलवान उतरवतात अशा तक्रारी आहेत, असं उत्तर मिळालं. असेलही तसं. पण आयोजकांची नावं आज कुणाला आठवतात? खोटेपणाची शंका चिकटली ती तिलाच.

तिला युरोपात लढायचं होतं. तिने जाऊ नये म्हणून वस्तादाने मारून हात मोडले, असं पुढे तिच्या नातवाने सांगितलं. नंतर कल्याणला तिने दुधाचा धंदा केला, तोही चालेना तेव्हा रस्त्याकडेला खाण्याचे पदार्थ विकले. १९८६ साली ती गेली.

२०२३ साली सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. किताब सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने मिळवला. अंतिम कुस्तीत तिच्यासमोर होती वैष्णवी पाटील, कल्याणची. लग्नाची पैज कुणीच लावली नव्हती.