किल्ला राहिला, गाव राहील काय?

चेक प्रजासत्ताकाच्या दक्षिणेस, ऑस्ट्रियाच्या सीमेनजीक, चेस्की क्रुमलॉव्ह नावाचे सुमारे १३ हजार वस्तीचे लहानसे शहर आहे. व्हल्टावा नदी नागमोडी वळणे घेत त्याला जवळजवळ वेढा घालते आणि काठच्या कड्यावर तेराव्या शतकात पाया घातलेला किल्ला उभा आहे. प्रागचा राजकिल्ला सोडला तर त्या देशात एवढा विस्तीर्ण किल्ला दुसरा नाही. १९९२ साली युनेस्कोने या शहराचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. वारसा कसा जपावा याचा आदर्श म्हणून क्रुमलॉव्हचे नाव घेतले जाते. त्या आदर्शाची दुसरी बाजूही पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या किल्ल्याने अनेक धनी पाहिले. १३०२ पासून तीन शतके तो रोझेनबर्ग घराण्याकडे होता. कर्जात बुडालेल्या पीटर व्होकने तो सम्राट दुसरा रुडॉल्फ याला विकला. पुढे एग्गेनबर्ग आले आणि १७१९ मध्ये श्वार्झेनबर्ग. या शेवटच्या घराण्याने १७६६ च्या सुमारास नव्याने सजविलेले नाट्यगृह रंगविलेले पडदे, पोशाख आणि दोरांनी क्षणार्धात देखावा पालटणारी लाकडी यंत्रणा यांसह आजही शाबूत आहे. नाटकावर जीव टाकणाऱ्या आमच्या वाचकांस त्याचे मोल सांगावयास नको. एकोणिसाव्या शतकात मालकांनी आपला मुक्काम ह्लुबोका येथील वाड्यात हलविला. त्यामुळे क्रुमलॉव्हच्या वाट्यास उपेक्षा आली, आणि त्या उपेक्षेनेच जुने वैभव मोडतोडीपासून वाचविले.

दगड वाचले, माणसे मात्र वाचली नाहीत. महायुद्धापूर्वी येथील बहुसंख्य रहिवासी जर्मन भाषक होते. १९३८ च्या म्युनिक करारानंतर हा मुलूख हिटलरच्या घशात गेला आणि येथील ज्यू वस्ती नाहीशी झाली. युद्ध संपताच, १९४५-४६ मध्ये, जर्मन भाषकांची हकालपट्टी झाली. पिढ्यान्‌पिढ्यांची घरे ओस पडली व त्यांत परके लोक आणून बसविले गेले. १९४७ मध्ये किल्ला सरकारजमा झाला.

शहर रिते करण्याचे ते काम सत्तेने केले; दुसऱ्या खेपेस ते बाजाराने आरंभिले आहे. १९८९ मध्ये कम्युनिस्ट राजवट कोसळली, सीमा खुल्या झाल्या आणि पर्यटकांचा लोंढा आला. आता दरवर्षी दहा लाखांहून अधिक लोक तेथे येतात. जुन्या भागातील घरांची हॉटेले, खानावळी आणि भेटवस्तूंची दुकाने झाली, आणि रहिवासी शहराच्या कडेला सरकले. २०१८ मध्ये कातेरझिना शेदा या चेक कलावतीने व्हेनिसच्या वास्तुकला प्रदर्शनासाठी एक प्रयोग केला. तिने काही कुटुंबांस मोबदला देऊन क्रुमलॉव्हच्या जुन्या भागात राहावयास आणले. त्यांचे काम एवढेच, की नेहमीसारखे जगावे! गावात गावपण दिसावे म्हणून पगारी गावकरी आणावे लागले, यापरते बोचक टीकाशास्त्र कोणते? २०१९ पासून पर्यटकांच्या बसगाड्यांवर शुल्क व आगाऊ नोंदणीचे बंधन आले. उपाय योग्यच आहे; परंतु बसगाड्या अडविल्याने गेलेला शेजार परत येत नाही.

१९८६ मध्ये याच जागतिक यादीत गेलेली जुन्या गोव्यातील चर्चे आम्हांस येथे आठवतात. रोगराईने ती राजधानी ओस पडली, १८४३ मध्ये राजधानीचा मान पणजीकडे गेला आणि मागे केवळ वास्तू उरल्या. क्रुमलॉव्हवर रोगराईचे नव्हे, कीर्तीचे संकट आहे. दुरुस्तीला पैसा लागतो आणि तो पर्यटक देतो, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु वारशाच्या यादीत नाव चढविताना भिंतींबरोबर त्या भिंतींआड चूल पेटविणाऱ्यांचाही विचार झाला पाहिजे. घरभाडे, शाळा, वाणसामानाचे दुकान या गोष्टी यादीत बसत नसतील; गाव मात्र त्यांच्यावरच उभे असते.